बेटावर जाऊन आलेले पाय

आमच्या काकीला साऱ्या पंचक्रोशीत देवभोळी म्हणायचे. त्या काळात, बिगर नवऱ्याची, बिगर लेकाची बाई थेट द्वारकेला जाऊन आली, म्हणजे तिची भक्ती केवढी असेल! असं कोणी म्हणालं की मी पदराआड हसायचे. काकी द्वारकेला का गेली ते मला पक्कं ठाऊक होतं, कारण मी तिच्याबरोबर होते. ती देवाला भेटायला गेलीच नव्हती. देव तिच्या वाटेत आला, एवढंच.

काकी म्हणजे धुरपदाबाई, माझी चुलत सासू. माझी सख्खी सासू ताईबाई, ही तिची मोठी जाऊ. सोनगीरच्या किल्ल्यावरून दिसेल एवढ्या अंतरावर आमचं गाव. मी देवपूरची, दोन बुकं शिकलेली, म्हणून सासरी मला जरा वचकून असत. दोन बुकं पोरीच्या डोक्यात काय काय करून ठेवतात याचा कोणाला भरवसा नव्हता.

मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी माझ्या हातात शेणाच्या पाण्याची बादली दिली. म्हणाल्या, "धुरपदी आते आंगनमातून जाई. ती गई का मांगून सडा टाक." मला वाटलं, इथली काही रीत असेल. काकी आली, डोक्यावर भाकरीची पाटी, खाली मान घालून अंगणातून गेली. मी मागून सडा टाकला. काकीने मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, "कोपऱ्यात टाक वं सूनबाई, तठे धूळ लई उडते." आणि निघून गेली.

नंतर कळलं. काकी नवी नवरी म्हणून घरात आली त्याच आठवड्यात घरचा उजवा बैल विहिरीत पडला. तेव्हा सासूबाई नुसत्या कुजबुजल्या. पुढं मानमोडीची साथ आली. घरोघर माणसं गेली, कोणी कोणाला रडायला उरलं नाही. त्यात काकीचा नवरा गेला. पोटी एक मुलगी, ती पाळण्यात. प्रेत अंगणात, सगळी भाऊबंदकी जमलेली, काकी भिंतीला टेकून बसलेली, तिला अजून समजलंही नव्हतं नीट, आणि सासूबाई उभ्या राहिल्या आणि तिच्या पायांकडे बोट करून म्हणाल्या, "ह्या पांढरा पायस्नी मना देर खादा." माझा दीर या पायांनी खाल्ला म्हणे.

बस. त्या दिवसापासून त्या पायांना खळ्यात मज्जाव. राशीजवळ जायचं नाही, पेरणीला पाभरीच्या पुढं चालायचं नाही, बाळंतिणीच्या खोलीत जायचं नाही. काम मात्र सगळं करायचं. निंदणी, वेचणी, दळण, गोठा. हात चालत होते, पाय चालत नव्हते. आणि अंगणातून गेली की मागून सडा. वीसेक वर्षं. तिची मुलगी मोठी झाली, लग्न होऊन शिंदखेड्याकडे गेली, तिला मूल झालं. आणि तिचं बाळंतपण आमच्या घरी झालं तेव्हा काकीने आपल्या सख्ख्या नातवाला खिडकीतून पाहिलं. खोलीत बसून त्याच्या अंगाला तेल लावत होत्या सासूबाई.

माणूस अशा वेळी रडतं, नाहीतर माहेरी जातं, नाहीतर अंगात देवी आणतं. काकीने यातलं काही केलं नाही. ती वाट पाहत राहिली. कशाची, ते तिलाही माहीत नव्हतं.

मग एका वर्षी गावातली मंजुळाबाई द्वारकेहून आली. ही म्हातारी विधवा, गावात तिला कोणी बसायला पाट देत नसे. आमच्याकडे रीत अशी, की लांबच्या धामाहून माणूस आलं की ते वेशीवर थांबतं. मारुतीसमोरच्या निंबाखाली पाट मांडतात. यात्रेकरू पाटावर बसतं आणि घरचे, भाऊबंद, गावातले लहानथोर, सगळे येऊन त्याचे पाय धुतात, पदराने पुसतात, ते पाणी तीर्थ म्हणून तोंडात घेतात आणि पायावर डोकं ठेवतात. मग यात्रेकरूने खांद्याला धरून उठवायचं आणि गोपीचंदन लावायचं. त्याने उठवल्याशिवाय उठायचं नाही. तिथं लहान-मोठं नाही, सवाष्ण-विधवा नाही. सासू सुनेचे पाय धुते, बाप लेकाचे धुतो. त्या दिवशी गावच्या पाटलाने मंजुळाबाईचे पाय धुतले, आणि पागोटं काढून तिच्या पायावर डोकं ठेवलं.

काकी गर्दीत मागं उभी होती. मंजुळाबाईचे पाय भेगाळलेले, एक नख उखडलेलं. काकीने मंजुळाबाईकडे पाहिलं नाही, पाटलाकडे पाहिलं नाही. आपल्या पायांकडे पाहिलं. मग सासूबाईंकडे.

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

काकीजवळ दोन शेळ्या होत्या, तिच्या स्वतःच्या. सन सदतीस-अडतीस असेल, कापूस वेचून झाला होता, माघ सरत आला होता. झुलाल आबा म्हणून गावात एक वृद्ध गृहस्थ होते, पूर्वी एकदा द्वारका करून आलेले. ते पुन्हा आठ-दहा माणसं घेऊन निघणार अशी बातमी आली. दुसऱ्या दिवशी गोठ्यात काकीच्या शेळ्या नव्हत्या.

सासूबाईंना खूप हसू आलं. विहिरीवर चारचौघींत म्हणाल्या, "धुरपदी द्वारकाले चालनी. देवना पाट बी पांढरा करी ई!" बायका हसल्या. झुलाल आबा बैलांना पाणी पाजत होते, तेही हसले आणि जाता जाता म्हणाले, "ताईबाई, तुमना तांब्या घासी ठेवा बरं."

"कसाले?"

"ती वापस ई तवय पाय धोवाना शेतस ना तिना."

सासूबाईंच्या डोक्यावरची घागर हलली. मी मागून पाहिलं, पाणी खांद्यावरून ओघळलं तरी त्यांना कळलं नाही. संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मी बी जासू."

माझे सासरे सुपडू नाना जेवत होते. त्यांचा घास हातात राहिला. पांझरेला गुडघाभर पाणी असलं तरी जी बाई गाडीतून उतरायची नाही, बैलाच्या पाठीला हात लावून डोळे मिटून बसायची, ती समुद्रावर निघाली.

"तुले काय व्हयनं?" नाना म्हणाले.

"देवनी आठवन उनी."

नाना साधे होते. त्यांना वाटलं, खरंच देवाची आठवण आली. त्यांनी होकार दिला आणि वर म्हणाले, "सूनबाईला पण घेऊन जा, वळकटी उचलायला कामाला येईल." अशी मी गेले. मला यात्रा घडवायचं कोणाच्याच मनात नव्हतं.

सासूबाईंचा हिशेब सोपा होता. दोघीही यात्रा करून आल्या तर दोघीही पाटावर. यात्रेकरू यात्रेकरूचे पाय धुत नाही. काकीच्या हे लक्षात आलं तेव्हा ती गोठ्यात होती. मी शेण भरत होते. सासूबाईंना ती अक्का म्हणायची. तिने मला विचारलं, "अक्का येनार शे?" मी म्हटलं, हो. ती गाईच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. शेळ्या तर विकून झाल्या होत्या. मग म्हणाली, "येऊ दे."

नरडाण्यापर्यंत बैलगाडी, तिथून ताप्तीच्या आगगाडीने सुरत. गाडीत बसताना सासूबाईंनी खिडकी धरली आणि काकीला दाराजवळ संडासाच्या वासात बसवलं. नंदुरबार गेलं, सातपुडा एका अंगाला धुरकट दिसत होता, आणि काकीने बोलायला सुरुवात केली. सासूबाईंशी नाही. ती दोन दशकं त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. ती माझ्याशी बोलत होती, पण आवाज असा की खिडकीपर्यंत जावा.

"सूनबाई, समिंदर पाह्यना शे का तू?"

"नाही काकी."

"बापरे. मले एक सुरतवाली सांगत होती, बांगड्यावाली. तिचा भाऊ गेलता. ते पाणी झोपत नाही म्हणे. दिवसा उभं राहतं, भिंतीसारखं. आन् मंग पडतं."

समुद्र काकीने चित्रातही पाहिला नव्हता. बांगड्यावाली तिला माहीत नव्हती, विधवेला बांगड्यावालीशी काय करायचंय! पण ती एकदा सुरू झाली ती झाली. पाण्यात आवाज देणाऱ्या बाया असतात. होडी मधे गेली की थांबते आणि नावाड्याला विचारते, कोणाला टाकू. ऐकता ऐकता डब्यातली माणसं सरकून जवळ आली. सासूबाई खिडकीबाहेर पाहत होत्या, पण त्यांचा कान माझ्याकडे वळलेला मला दिसत होता.

"आन् एक मासा राहतो," काकी म्हणाली. "घराएवढा. तो माणूस खात नाही."

"मग काय खातो?" मी विचारलं. मलाही मजा यायला लागली होती.

"त्याले सोन्याचा वास येतो. होडीत सोनं घातलेली बाई बसली का तो खालून येतो. माझ्यासारखीचं काही नाही, माझ्या अंगावर काय शे? गळा मोकळा, कान मोकळे. मी आरामात जाईन. पण सवाष्णीचं काय करतील, बिचारीचं? डोरलं ते काढता येत नई."

सासूबाईंचा हात गळ्याकडे गेला. डोरलं, पुतळ्यांची माळ, नाकात नथ. पुतळ्या काढता येतील, नथ काढता येईल. डोरलं नवरा जिवंत असताना कोणती बाई काढील?

आणि तेवढ्यात समोरच्या बाकावरचा एक गुजराती म्हातारा, पगडीवाला, जो आतापर्यंत पेंगत होता, डोळे उघडून म्हणाला, "हा बेन, बहु मोटी माछली. मैंने देखा है ओखा में. वहाण जेटली मोटी, जहाज जितनी." आणि परत डोळे मिटले.

काकीचा चेहरा पाहण्यासारखा होता. तिने घरी बसून बनवलेला मासा खरोखर निघाला होता. पार अहमदाबाद येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

द्वारकेला पोहोचायला दिवसांवर दिवस गेले. विरमगावला गाडी बदलली, राजकोट, जामनगर, धूळ, खारे वारे, आणि पाणी पिण्याजोगं नाही. झुलाल आबा आम्हाला मेंढरांसारखे मोजून चढवायचे, मोजून उतरवायचे. द्वारकेला सासूबाई सगळ्यात पुढं. गोमतीत पहिली बुडी त्यांची, तांब्याने डोक्यावर घेऊन का होईना. देवळाच्या पायऱ्या सगळ्यांआधी त्या चढल्या. देवासमोर काकी उभी राहिली की त्या मधे जाऊन उभ्या राहायच्या, जणू काकीला दर्शन थोडं कमी मिळावं. देव दोघींकडेही सारखाच पाहत होता. त्याला आमच्या घरचं काय माहीत!

समुद्र मी तिथंच पहिल्यांदा पाहिला. देवळाच्या मागं. काकी माझ्याशेजारी होती. तिने इतकं काही सांगितलं होतं त्याच्याबद्दल, पण त्यातलं एकही त्याला पुरत नव्हतं. ती पदर तोंडाशी धरून उभी राहिली. "एवढा शे?" एवढंच म्हणाली.

आता इथंच यात्रा संपली असती तर दोघी बरोबरीत सुटल्या असत्या. पण झुलाल आबांनी त्या संध्याकाळी धर्मशाळेत सगळ्यांना बसवून सांगितलं, "उद्या ओखाले जानं शे. तठून होडीमा बसीसन बेटवर. बेटनं दर्शन नई ते जत्रा अर्धी. अर्धी जत्रावालाले मी वेशीवर पाटवर बसू देणार नाही, आताच सांगी ठेवस. मागल्या खेपेले एक जण किनाऱ्यावरून हात जोडीसन उना आनि गावमा मिशीले पीळ देई फिरना."

सासूबाईंनी काकीकडे पाहिलं. काकीने सासूबाईंकडे पाहिलं. मी मधे भाकरी भाजत होते, दोन्हीकडची आच मला लागत होती.

ओख्याला वारा असा, की लुगडं अंगावर राहीना. शिडाची होडी, तिच्यापर्यंत जायला एक फळी टाकलेली, आणि फळीखाली हिरवं पाणी वर-खाली होत होतं. आबा गेले, त्यांची बायको गेली, बाकीची माणसं गेली. सासूबाईंनी नथ काढून कनवटीला बांधली होती, पुतळ्या माझ्याकडे दिल्या होत्या. डोरलं पदरात घट्ट मुठीत. त्यांनी एक पाय फळीवर ठेवला. फळी हलली. त्यांनी पाय मागं घेतला.

"मी आठूनच हात जोडस," त्या किनाऱ्यावरूनच म्हणाल्या.

"आठूनच जोडाना व्हतात ते घरूनच जोडाले काय झालतं?" आबा होडीतून ओरडले. "तिकिटना पैसा तरी वाचता!"

"मले चक्कर ई राहिनी."

"डोळा मिटीसन या!"

त्या खाली वाळूवर बसल्या. झालं. काकीला हेच हवं होतं. नंदुरबारपासून तिने याच्यासाठी तोंड चालवलं होतं. आता तिने फक्त फळीवरून चालत जायचं होतं.

आणि काकी जागची हलेना.

मी तिच्या पायांकडे पाहिलं. लुगड्याचा काठ हलत होता, आणि तो वाऱ्याने नव्हता हलत. घराएवढा मासा, उभं राहणारं पाणी, कोणाला टाकू म्हणून विचारणारी होडी, हे सगळं तिनेच बनवलेलं आता तिच्याच पोटात उतरलं होतं. सासूबाईंना भिववायला काढलेल्या गोष्टी तिला नीट पाठ होत्या, आणि तो पगडीवाला म्हातारा साक्षीला होता.

सासूबाईंच्या ते लक्षात आलं. बसल्या जागेवरून त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात मला प्रथमच आनंद ऐकू आला, "का वं धुरपदी? तुना अंगवर ते सोनं नई. जाय ना! का, मासाले पांढरा पाय बी आवडतस?"

होडीवाला ओरडत होता. आबा हाका मारत होते. काकी न जाती, तर दोघींची यात्रा अर्धी, दोघीही पाटाबाहेर, आणि घरी जाऊन पुन्हा तेच अंगण. शेळ्या मात्र गेलेल्या.

काकी खाली बसली. मला वाटलं, हरली. पण ती फळीवर बसली, पाय दोन्हीकडे सोडून, घोड्यावर बसावं तशी. आणि बसल्या बसल्याच पुढं सरकायला लागली. होडीतली माणसं हसून हसून लोटपोट. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत वर गेलं, डोक्यावरचा पदर गेला. तिला कशाचीही शुद्ध नव्हती. सरकत सरकत ती होडीत पडली.

सासूबाईंनी मला ढकललं. "जाय तू. तिना संगे जाय. बेटवर उतरस का नई ते पाह्य. मले खरं सांगजो."

मला टेहळणीला पाठवलं. मी भिऊन भिऊनच गेले. सासूचं भय मोठं की समुद्राचं, हे ठरवायला वेळ नव्हता.

पलीकडे जाईपर्यंत काकी ओकली, पुन्हा ओकली, आणि ओकायला काही राहिलं नाही तेव्हा तिने माझा दंड धरला. तिची नखं माझ्या मांसात रुतली. आबा म्हणाले, "देवनं नाव ले, धुरपदा. द्वारकाधीश म्हन." काकीने डोळे मिटले, दात आवळले आणि म्हणायला लागली, "ताईबाई. ताईबाई. ताईबाई."

मोठ्या जावेचं नाव तिने जन्मात कधी घेतलं नव्हतं. त्या दिवशी ती लाटेगणिक एकदा घेत होती. आबांना वाटलं, पोरीला भ्रम झाला. मला माहीत होतं, ती पूर्ण शुद्धीवर आहे. दुसरं कोणतंही नाव तिला त्या पाण्यापलीकडे नेऊ शकलं नसतं.

बेटावर तिने दर्शन घेतलं. देवापुढे फार वेळ थांबली नाही. परत येताना होडीत ती काठाशी बसली, पाण्यात हात घातला. मासा वगैरे काही आला नाही.

किनाऱ्यावर सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. "उतरनी?"

"उतरल्या."

"देवयमा गई?"

"देवळात गेल्या. आणि मी पण गेले."

त्यांना ते पटकन समजलं नाही. समजलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा डोळ्यांनी पाहिलं, की मला वाटलं, आपण पुन्हा होडीत जाऊन बसावं. त्यांनीच मला पाठवलं होतं. आता जावेची तर जावेची, सुनेचीही यात्रा पुरी झाली होती.

येताना विरमगावला जकातवाल्यांनी गाठोडी सोडायला लावली, गोपीचंदनाचे गोळे फोडून पाहिले, सगळ्यांनी आरडाओरडा केला, सासूबाई सोडून. नरडाण्याला गाडीतून उतरल्या आणि म्हणाल्या, मला ताप आहे. चैत्राचं ऊन, कपाळावर पोळी भाजावी असं, आणि त्या बैलगाडीत गोधडी घेऊन आडव्या झाल्या. मी कपाळाला हात लावला. ताप होता की ऊन होतं, मला सांगता आलं नाही.

वेशीवर सगळं गाव आलं होतं. ढोल, डफ, निंबाखाली पाट, पितळी पराती. मारुतीमागं चुलाणं पेटलेली, पुरणाचा आणि साराचा वास. आबांनी बेटावर जाऊन आलेल्यांची नावं घेतली. त्यांत माझं नाव आलं तेव्हा बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. आम्ही पाटांवर बसलो. लोक पाय धुवायला लागले. काकीचे पाय पाटलाने धुतले, पाटलीणबाईने धुतले. ज्या बायका विहिरीवर हसल्या होत्या त्यांनीही धुतले. काकी एकेकीला उठवत होती, गोपीचंदन लावत होती. पण तिची नजर सगळ्यांच्या डोक्यावरून बैलगाडीकडे.

सगळे झाले. आबा म्हणाले, "चला आते गावमा. जेवन थंड व्हई राह्यनं."

काकी उठली नाही.

"घरनी माणसं राह्यनीत," ती म्हणाली.

"ताईबाईले ताप शे ना वं."

"उतरू दे ताप. मी बसस."

आता यात्रेकरू पाटावर असताना कोणाला जेवता येत नाही. पोरं रडायला लागली, आया त्यांना गप्प करायला लागल्या. ढोलवाल्याने ढोल खाली ठेवला. पुरणाच्या पोळ्या गार, साराला साय. बैलगाडीत गोधडीचा ढीग, मधेच हलायचा. आत त्या घामाने निथळत असणार. बाहेर काकी निंबाच्या सावलीत, पाय पुढं पसरून, काही घाई नसल्यासारखी.

शेवटी सुपडू नाना पुढं आले. मोठे दीर ते. त्यांच्यासमोर काकीने कधी तोंड दाखवलं नव्हतं, कधी शब्द बोलली नव्हती. तिने पदर हनुवटीपर्यंत ओढला. नाना परातीजवळ येऊन उभे राहिले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "सूनबाई, तिला सांग, घरचा मोठा मी. बायकोच्या वाटचे पाय मी धुतो." आणि धोतर सावरून खाली वाकू लागले.

दिराने भावजयीच्या पायाला हात लावायचा!

काकी पदराआडून म्हणाली, दोन हातांवर ते उभे असताना, पण मला म्हणाली, "सूनबाई, नानास्ले सांग, तुम्ही हात लावू नका. तुमच्या तोंडून कधी वाईट शब्द निघाला नाही. जे तोंडातून निघाला, तेच तोंडमा पानी जाऊ दे."

मी सांगायची गरज नव्हती, वेशीपलीकडच्यांनीही ऐकलं होतं. तरी मी सांगितलं. रीत म्हणून.

नानांचा चेहरा पडला. त्यांना वीस वर्षं जे दिसलं नव्हतं, ते त्या घटकेला दिसलं. तरीही ते वाकले. हात परातीकडे गेला.

तोच गोधडी उडाली. सासूबाई गाडीतून उतरल्या, केस विसकटलेले, चोळी भिजून अंगाला चिकटलेली. "हात लावू नका!" नवऱ्यावर ओरडल्या. गाव काय म्हणेल ते त्यांनी सोसलं असतं, पण आपल्या नवऱ्याचा हात त्या पायांना लागलेला त्यांना पाहवला नसता. नाना बाजूला झाले. सासूबाई मांडी घालून खाली बसल्या.

आधी माझे पाय ओढले. धुतले, पण अंगठ्याला असा चिमटा काढला की नख काळंनिळं पडलं. पाणी तोंडाला लावलं न लावलं. मी त्यांना झटकन उठवलं.

मग काकीचे. तांब्याने पाणी घातलं. उजवा धुतला, डावा धुतला. पदराने पुसले. ओंजळीत पाणी घेतलं आणि सगळ्या गावासमोर प्यायल्या. मग वर पाहून मोठ्याने म्हणाल्या, "मी देवना पाय धोयात. तुना नई."

काकीने पदर मागं सारला. तोंड उघडं करून, नाना समोर उभे असताना, म्हणाली, "तू बेटवर उनी नई ना अक्का, म्हनून तुले माहीत नई. देव तठेच राह्यना. आठे उनात ते मनाच पाय."

रीत राहिली होती, सासूबाईंनी त्या पायांवर डोकं ठेवलं.

आता उठवायचं. काकीने हात मांडीवर ठेवले आणि निंबाच्या शेंड्याकडे पाहत बसली. सासूबाई वाकलेल्या तशाच. गर्दीत कोणी खोकलं. आबा हळूच म्हणाले, "उठाड आते तिले, धुरपदा."

"पानी वाळू द्या," काकी म्हणाली.

चैत्राचं ऊन होतं, पाय लवकर वाळले. आम्ही भादव्यात आलो असतो तर सासूबाईंचं कठीण होतं.

मग काकीने त्यांना खांद्याला धरून उठवलं, कपाळावर गोपीचंदन लावलं, आणि जेवायला गेली. त्या दिवशी ती अशी जेवली, की वाढणारी दमली. गार पोळ्या, साय आलेलं सार, सगळं गोड मानून.

मी कधीतरी तिला विचारलं, "काकी, मन हलकं झालं का तुमचं?"

"हलकं?" ती म्हणाली. "भरलं वं. पोट भरतं तसं."

पुढं एकदा झुलाल आबांनी रामेश्वराचा बेत काढला. तिथंही समुद्रच आहे म्हणे, आणि तो तर द्वारकेहून मोठा. त्यांनी काकीला विचारलं, येतेस का. काकी ज्वारी पाखडत होती. ओसरीवर सासूबाई बसल्या होत्या. काकी सूप न थांबवता म्हणाली, "अक्का काय बोलतस ते पाहू. मंग सांगस."

सासूबाई उठून आत गेल्या.

त्यानंतर जितकी वर्षं दोघी एका घरात होत्या, सासूबाई काकीला वावगा शब्द म्हणून बोलल्या नाहीत. त्यामुळं काकीला दुसरी यात्रा काही घडली नाही.